ग्रंथालयांमधल्या पुस्तकांच्या ने-आणीत उशीर कुठे होतो आणि तो कसा कमी करावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातल्या चौदा सार्वजनिक ग्रंथालयांनी एकत्र येऊन आपापसात पुस्तकांची देवघेव सुरू केली आहे. साताऱ्यातलं एक मोठं ग्रंथालय केंद्र म्हणून काम पाहतं. भाड्याचा एक छोटा टेम्पो मंगळवारी दक्षिणेकडे उंब्रज, कराड, पाटण असा फिरतो आणि शुक्रवारी उत्तरेकडे कोरेगाव, फलटण, लोणंद, वाई असा. आसपासच्या गावांतली ग्रंथालयं याच दोन फेऱ्यांत येतात. तरीही सभासदाच्या हातात पुस्तक पडायला पंधरा-वीस दिवस लागतात आणि काही पुस्तकं भलत्याच गावी उतरतात. दुसरी गाडी लावावी का, असं कार्यकारिणी विचारते आहे.

दुसरी गाडी लावू नका. निदान आत्ता तरी नको. कराडहून वाईला जाणारं पुस्तक दोन्ही फेऱ्या धरूनही प्रत्यक्ष गाडीत फार तर एक दिवस असतं. बाकीचे सगळे दिवस ते कुठल्या तरी टेबलावर, पोत्यात किंवा कपाटावर पडून असतं. दुसरी गाडी आली तर ती त्याच ढिगांमधून दुप्पट वेळा पुस्तकं उचलेल, पण ढीग तसेच राहतील. देवघेवीच्या कामात इतकी वर्षं घालवल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: पुस्तकाला वाटेत जितके कमी हात लागतील, तितकं ते लवकर पोचतं आणि तितकं कमी हरवतं. खाली जे सांगतो आहे ते सगळं हे हात कमी करण्याबद्दल आहे.

आधी महिनाभर फक्त मोजा. प्रत्येक पुस्तकासोबत जाणाऱ्या चिठ्ठीवर पाच चौकटी छापा: मागणी आली, कपाटातून काढलं, गाडीत दिलं, केंद्रावरून निघालं, सभासदाला कळवलं. प्रत्येक टप्प्यावर तारखेचा रबरी शिक्का मारायचा, इतकंच. सही नको, शेरा नको. महिन्याच्या शेवटी सगळ्या चिठ्ठ्या एकत्र घेऊन बसा. माझ्या अनुभवात सर्वांत मोठी दरी पहिल्या आणि दुसऱ्या चौकटीत निघते, आणि त्या खालोखाल चौथ्या आणि पाचव्या. म्हणजे मागणी येऊनही पुस्तक कपाटातून निघालेलं नसतं, किंवा पुस्तक पोचूनही सभासदाला फोन गेलेला नसतो. या दोन्ही ठिकाणी गाडीचा संबंधच येत नाही.

यात ग्रंथपालांचा दोष नाही. आपल्याकडच्या 'क' आणि 'ड' वर्गाच्या, म्हणजे अनुदानाच्या खालच्या वर्गांतल्या छोट्या ग्रंथालयांत बहुतेक ठिकाणी एकच माणूस सगळं पाहतो. सकाळी उघडायचं, झाडून घ्यायचं, वर्तमानपत्रं मांडायची, देवघेव करायची, वर्गणी घ्यायची, संध्याकाळी पुन्हा उघडायचं. त्यात मागण्या व्हॉट्सॲपच्या गटावर येतात, आणि त्या गटावर सकाळच्या शुभेच्छा, निधनवार्ता आणि बैठकीचे निरोपही येतात. मागणी खाली जाते ती जातेच. म्हणून मागण्यांसाठी वेगळा गट ठेवा, ज्यात मागणीशिवाय काही लिहायचं नाही. मागणी लिहायचा क्रमही ठरवून टाका: मागणाऱ्या ग्रंथालयाचं नाव, पुस्तक, लेखक, दाखल क्रमांक (म्हणजे नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक). आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मागण्या काढायची वेळ एकच ठेवा. सकाळची वर्तमानपत्रं मांडून झाली की लगेच यादी घेऊन कपाटांकडे जायचं. 'वेळ मिळेल तसं' असं ठरलं की तो वेळ मिळत नाही.

आता चिठ्ठीकडे येतो. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण भलत्या गावी जाणाऱ्या पुस्तकांचं मूळ बहुतेक वेळा चिठ्ठीतच सापडतं.

तुमच्या सध्याच्या चिठ्ठ्या मी पाहिलेल्या नाहीत, पण गावांची नावं पाहिली आणि चुका कुठे होत असतील याचा अंदाज आला. कराड आणि कोरेगाव दोन्ही 'क'. घाईत कुणी नुसतं 'को' किंवा 'क.' लिहिलं की झालं. त्याहून वाईट जोडी म्हणजे पाटण आणि फलटण. बॉलपेनने भरभर लिहिलेलं, वर पिशवीत घासलं गेलेलं 'फलटण' बघा, 'पाटण' वाचायला वेळ लागत नाही. आणि ही दोन गावं जिल्ह्याच्या दोन विरुद्ध टोकांना आहेत. एक चूक झाली की पुस्तक पाटणला उतरणार, पुढच्या मंगळवारी परत साताऱ्याला, मग शुक्रवारी फलटणला. दहा दिवस गेले.

यावर उपाय असा की हाताने गावाचं नाव लिहायचंच नाही. प्रत्येक ग्रंथालयासाठी छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा करा. दक्षिणेच्या फेरीसाठी लाल कागद, उत्तरेच्या फेरीसाठी निळा. रंगीत छपाई नको, रंगीत कागदावर काळी छपाई करा, म्हणजे उद्या चिठ्ठ्या संपल्या तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातही निघतील. चिठ्ठीच्या वरच्या अर्ध्या भागात थांब्याचा क्रमांक, तळहाताएवढा मोठा, आणि त्याखाली गावाचं पूर्ण नाव. क्रमांक फेरीच्या क्रमाने द्या: दक्षिणेत उंब्रज १, कराड २, पाटण ३, असं. क्रमांकही छापीलच हवा, कारण हाताने लिहिलेले १ आणि ९, ५ आणि ६ यांची आपल्याकडे कायम गल्लत होते. रंगावरून फेरी कळली, आकड्यावरून थांबा कळला. वर्गीकरण करणाऱ्याने पुस्तकाचं नाव वाचायची गरजच उरता कामा नये. वाचायला लागलं की तो थांबतो, पुस्तक चाळतो, 'अरे हे आपल्याकडे पण आहे' म्हणतो, आणि टेबल तुंबतं.

चिठ्ठीची मागची बाजूही वापरा. पुढे 'जाताना'चा पत्ता, मागे 'परत'चा. पुस्तक देणारं ग्रंथालय पुढची बाजू वर ठेवून पाठवेल, आणि मागच्या बाजूवर आपला स्वतःचा क्रमांक आधीच शिक्क्याने मारून ठेवेल. सभासदाने पुस्तक परत केलं की घेणाऱ्या ग्रंथपालाने फक्त चिठ्ठी उलटी करायची. परतीच्या पुस्तकांवर पुन्हा पत्ता लिहायचं काम संपलं. ही चिठ्ठी सभासदाकडे पुस्तक असेपर्यंत पुस्तकाच्याच मागच्या खिशात राहते, त्यामुळे ती जरा जाड कागदाची करा. पाच चौकटी पुढच्या बाजूच्या खालच्या अर्ध्यात बसतात.

ती बांधायची कशी, यावरही लक्ष द्या. रबरबँड नको. उन्हात उभ्या टेम्पोत रबर वितळून कव्हरला चिकटतं, आणि सोडवताना कव्हरचा पापुद्रा निघतो. टाचणी आणि स्टेपल तर नकोच, आपल्या पावसाळ्यात त्यांचा गंज पानावर उतरतो. चिकटपट्टी कव्हरवर लावणाऱ्याला समज द्या. चिठ्ठी पुस्तकात अशी घालायची की मोठा आकडा वरच्या कडेबाहेर दिसेल, आणि पुस्तकाभोवती सुती नाडी किंवा कागदी पट्टा. पेटीत पुस्तकं उभी ठेवली की सगळे आकडे वरून एका नजरेत दिसतात. एवढी एक सवय लागली तरी केंद्रावरचं काम निम्मं होतं.

आता केंद्राबद्दल. तुमच्या पद्धतीत, मला कळलं त्याप्रमाणे, सगळी पुस्तकं आधी साताऱ्याला येतात, तिथे पोती टेबलावर ओततात, प्रत्येक पुस्तक रजिस्टरात नोंदवतात, मग गावानुसार ढीग करून पुन्हा पोत्यात भरतात. याचा परिणाम बघा. उंब्रजहून कराडला जायचं पुस्तक. दोन्ही गावं एकाच महामार्गावर, एकाच फेरीत, लागोपाठचे थांबे. मंगळवारी सकाळी उंब्रजला टेम्पोत चढलं, टेम्पो कराडला गेला, पुस्तक आतच राहिलं, संध्याकाळी साताऱ्यात उतरलं, आणि कराडला मिळालं पुढच्या मंगळवारी. आठवडा वाया गेला, तोही कुणाची चूक नसताना.

म्हणून वर्गीकरणाची सुरुवात पाठवणाऱ्या टेबलावरच करा. चौदा ग्रंथालयांपैकी प्रत्येकाने बाकीच्या तेरांना पुस्तक पाठवायचं म्हटलं तर १८२ जोड्या होतात. हा आकडा ऐकून माणूस घाबरतो आणि 'केंद्रावरच बघतील' म्हणतो. पण पाठवणाऱ्याला १८२ जोड्यांशी घेणंदेणं नाही. त्याने फक्त दोन पिशव्या ठेवायच्या: माझ्याच फेरीतल्या गावांची, आणि दुसऱ्या फेरीची. कागदाच्या रंगावरून हे दोन सेकंदांत होतं. आपल्या फेरीची पिशवी ड्रायव्हरच्या हातात, दुसऱ्या फेरीची पिशवी तोंड बांधून केंद्रासाठी.

टेम्पोत प्रत्येक थांब्यासाठी एक प्लास्टिकची पेटी, तिच्यावर तोच रंग आणि तोच मोठा आकडा. ड्रायव्हरने उंब्रजची पिशवी घेतली की त्यातली २ आकड्याची पुस्तकं कराडच्या पेटीत, ३ ची पाटणच्या पेटीत. पुढच्या थांब्यावर ती पेटी तशीच उतरते. उंब्रजचं पुस्तक त्याच दुपारी कराडमध्ये. पाटणहून टेम्पो मल्हारपेठेवरून उंब्रजला येऊन महामार्गाला लागत असेल तर परतीतही उंब्रजला पाच मिनिटं थांबवा, म्हणजे कराड-पाटणची उंब्रजला जाणारी पुस्तकंही त्याच दिवशी उतरतील. पाटणहून कराडला जायचं पुस्तक मात्र आठवडाभर थांबेल. काही ठिकाणी यावर उपाय म्हणून एका आठवड्याआड फेरीची दिशा उलटी करतात. मी ते करू नका असं सांगेन. ग्रंथपाल दुपारी घरी जातो, गाडी कधी येणार हे त्याला डोळे मिटून सांगता आलं पाहिजे. पाटण-कराड अशी निकडीची मागणी असेल तर एसटीच्या पार्सलने पाठवा.

टेम्पो भरायचाही क्रम आहे. शेवटच्या थांब्याची पेटी सर्वांत आत, पहिल्याची दाराशी. हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण सकाळी घाईत पेट्या हाताला येतील तशा चढवल्या जातात आणि कराडच्या चौकात सगळं उतरवून पुन्हा भरावं लागतं. टेम्पोच्या तळावर खडूने नाही, रंगाने आकडे रंगवून घ्या.

केंद्रावर आता फक्त 'दुसऱ्या फेरी'च्या पिशव्या येतात. त्यांचं वर्गीकरण त्याच संध्याकाळी किंवा फार तर दुसऱ्या सकाळी व्हायला हवं. नियम असा ठेवा की मंगळवारी आलेलं बुधवारी दुपारपर्यंत शुक्रवारच्या पेट्यांमध्ये असलंच पाहिजे. शुक्रवारी सकाळी गाडी निघताना वर्गीकरण करायला बसायचं नाही, कारण तेव्हा जे उरतं ते पुढच्या शुक्रवारवर जातं. कराडहून वाईला जाणारं पुस्तक या पद्धतीत तीन दिवसांत पोचतं. उरलं तर दहा दिवसांत. तीन आणि दहा यांमधला फरक बुधवारच्या त्या एका तासावर ठरतो.

आणि केंद्रावरचं पुस्तकांचं रजिस्टर बंद करा. यावर विरोध होईल, हे मला माहीत आहे. 'नोंद नको? मग हरवलं तर कोण जबाबदार?' पण विचार करा: पाठवणाऱ्याकडे नोंद आहे, घेणाऱ्याकडे नोंद आहे. मधल्या ठिकाणी तिसरी नोंद करून पुस्तक सापडल्याचं मी पाहिलेलं नाही. त्या नोंदीसाठी प्रत्येक पुस्तक उघडून दाखल क्रमांक बघावा लागतो, आणि त्यातच बुधवारचा तास संपतो. केंद्राने पेट्या आणि पिशव्या मोजाव्यात, पुस्तकं मोजू नयेत. कराडहून दोन पिशव्या निघाल्या, दोन आल्या, ड्रायव्हरची आणि केंद्राची सही. पुस्तकाचा हिशोब दोन टोकांमध्ये.

तुमच्यापैकी काहींकडे कोहा हे ग्रंथालयाच्या कामाचं सॉफ्टवेअर आहे असं लिहिलं आहे. मग अर्धं काम तयार आहे. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रामीण ग्रंथालय संस्थेने २००० साली कोहा वापरात आणलं आणि तेव्हापासून ते सर्वांना मोफत आहे. अनेक शाखांची देवघेव सांभाळणं त्यात नीट होतं. मागणी असलेलं पुस्तक कुठेही 'चेक-इन' केलं की ते कुठे पाठवायचं याची चिठ्ठी पडद्यावर येते. फक्त तिचा छापील नमुना बदलून तुमचा रंग-आकडा त्यात घ्या, आणि ती थर्मल कागदावर छापू नका, गाडीतल्या उन्हात तो कागद काळा पडतो. 'ट्रान्सफर्स टू रिसीव्ह' हा अहवाल रोज सकाळी बघायची सवय लावा. पाठवलं म्हणून नोंद आहे पण ठरलेल्या दिवसांत पोचलं नाही, अशी पुस्तकं तो लाल करून दाखवतो. किती दिवसांनी लाल करायचं हे सेटिंगमध्ये ठरवता येतं, तुम्ही आठ दिवस ठेवा. अजून एक सोय फार लोक वापरत नाहीत: दोन शाखांमधला वाहतुकीचा खर्च मांडून ठेवायचा तक्ता. तो भरला की एकच पुस्तक दोन-तीन ठिकाणी असेल तेव्हा कोहा आधी स्वस्त ठिकाणाहून मागतं. पैशांचा आकडा भरायची गरज नाही. एकाच फेरीतल्या गावांना कमी आकडा, वेगळ्या फेरीतल्यांना जास्त, एवढंच भरा. कितीतरी पुस्तकं केंद्राकडे न जाता परस्पर पोचू लागतील.

पुस्तकांचं वर्गीकरण करणाऱ्या यंत्राबद्दलही कुणीतरी विचारलं आहे. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०१० साली लाँग आयलंड सिटीमध्ये असं वर्गीकरण यंत्र बसवलं. सुमारे ७२ मीटर लांबीचा फिरता पट्टा, डेन्मार्कच्या लिंग्सो कंपनीचा, तासाला साडेसात हजार पुस्तकं बारकोड वाचून आपापल्या शाखेच्या डब्यात टाकणारा. खर्च तेवीस लाख डॉलरच्या आसपास. त्यापासून घेण्यासारखं एक आहे आणि ते फुकट आहे: तिथे पट्ट्यावर कुणी पुस्तकाचं नाव वाचत नाही. बारकोड वाचला की पत्ता कळतो आणि पुस्तक थेट शाखेच्या डब्यात पडतं, आणि तोच डबा गाडीत चढतो. ढीग करणं, ढीग उचलणं, ढीग भरणं, हे तिन्ही गेले. तुमचा लाल-निळा कागद आणि थांब्याची पेटी हेच काम करते. आठवड्याला काही शे पुस्तकांसाठी याहून जास्त काही नको.

पेट्यांचं वजन जपा. साधारण मराठी कादंबरी पाव किलो ते साडेतीनशे ग्रॅमची, पण कोश आणि स्पर्धापरीक्षांची पुस्तकं किलो-किलोची असतात. पेटी बारा किलोच्या वर जाऊ देऊ नका. ग्रंथालयं बरीचशी पहिल्या मजल्यावर असतात, जिने अरुंद असतात, आणि पेटी उचलणारा ग्रंथपाल बऱ्याचदा पन्नाशीचा असतो. पोती मात्र कायमची बंद करा. पोत्यात पुस्तकं आडवी-तिडवी पडतात, कोपरे दुमडतात, बांधणी सुटते. पावसाळ्यात पेटीला झाकण आणि आत प्लास्टिकची मोठी पिशवी हवी. तुमच्या भागात हे जास्तच, कारण पाटणच्या खोऱ्यातला जुलै आणि फलटणचा जुलै यांत जमीन-अस्मानाचा फरक. पाटणहून आलेली दमट पुस्तकं केंद्रावर रात्रभर बंद पेटीत ठेवू नका, झाकण काढून पंख्याखाली ठेवा. बुरशी एका पुस्तकावर येते आणि पेटीभर पसरते.

दूरच्या एखाद-दुसऱ्या ग्रंथालयासाठी गाडी वाकडी करू नका. महिन्याला दोन-चार मागण्या असलेल्या गावासाठी टपाल पुरतं. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने छापील पुस्तकांची स्वस्त नोंदणी सेवा बंद केली तेव्हा बऱ्याच ग्रंथालयांची अडचण झाली होती, पण १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालं आहे. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर रुपये, कर वेगळा, आणि पार्सल कुठवर आलं ते बघताही येतं. जमिनीवरच्या वाहतुकीने जातं म्हणून वेळ लागतो, तो सभासदाला आधी सांगा. नियतकालिकांना ही सवलत नाही.

ने-आण कमी करणं हाही ने-आण सुधारण्याचाच भाग आहे, आणि याकडे फार दुर्लक्ष होतं. महिन्याभराच्या चिठ्ठ्या हातात आल्या की त्याच-त्याच पुस्तकांचे ढीग करून बघा. तुमच्याकडे स्पर्धापरीक्षांची पुस्तकं वरच्या जागी निघतील, मला खात्री आहे. एकाच पुस्तकाच्या मागे आठ-दहा मुलं रांगेत असतील आणि एकच प्रत कोरेगाव, वाई, कराड अशी वर्षभर टेम्पोत फिरत असेल, तर त्या मुलांचं परीक्षेचं वर्ष रांगेत जाईल. वाचकाचा वेळ वाचवा, असं रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांमध्ये मांडून ठेवलं, ते अशा वेळी आठवावं. ती पुस्तकं सगळ्यांनी मिळून जादा प्रतींत घ्या. या सामायिक प्रती कुणा एकाच्या दाखल नोंदवहीत ठेवू नका. त्या संघाच्या नावावर ठेवा, आणि त्या जिथे परत येतील तिथेच राहू द्या, पुढची मागणी येईपर्यंत. परतीची फेरीच नको. हीच पद्धत तुमच्या बाकीच्या पुस्तकांना लावता येणार नाही, कारण चौदा संस्था वेगवेगळ्या आहेत, प्रत्येकीचं अनुदान वेगळं, साठा पडताळणी वेगळी. एका महापालिकेच्या शाखांमध्ये जे चालतं ते इथे चालायचं नाही.

साठा पडताळणीचा विषय निघालाच आहे तर कार्यकारिणीच्या मनातली भीतीही बोलून टाकतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ खाली अनुदान घेणाऱ्या संस्थेला तपासणीच्या वेळी नोंदवहीतलं पुस्तक दाखवता आलं पाहिजे. 'आमचं पुस्तक बाहेर होतं' एवढं सांगून भागत नाही, कागद लागतो. या भीतीपोटीच चांगली पुस्तकं कपाटातून निघत नाहीत आणि 'सापडत नाही' असं उत्तर जातं. चौदा संस्थांच्या ठरावासह एक साधा करार करा, त्यात हरवल्यास कोणी किती दिवसांत भरपाई करायची ते लिहा, आणि वर्षातून एकदा, तपासणीच्या हंगामाआधी, तीन आठवडे देवघेव थांबवून सगळी पुस्तकं आपापल्या घरी आणा. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना कराराची प्रत आधीच द्या. दुर्मिळ पुस्तकं आणि जुन्या मासिकांचे बांधीव खंड मात्र या देवघेवीत आणूच नका. त्यांच्यासाठी सभासदाला त्या ग्रंथालयात बसून वाचायची सोय करून द्या.

शेवटी दिवाळी अंक. तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही, पण नोव्हेंबरमध्ये सगळी व्यवस्था कोलमडेल ती यामुळे. दिवाळीनंतरच्या दोन महिन्यांत मागण्यांचा पूर येतो, सगळ्यांना तेच तेच अंक हवे असतात, आणि एकेका अंकाची चिठ्ठी करत बसलात तर टेबल उठणार नाही. अंकांसाठी मागणी पद्धत बंद ठेवा आणि पेट्या फिरवा. ही आपल्याकडची जुनी रीत आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून बडोद्यात ग्रंथालय खातं उभं केलं, आणि तिथल्या फिरत्या ग्रंथालयाच्या पेट्या संस्थानातल्या गावांना जात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रमही शंभर पुस्तकांच्या पेटीवरच उभा आहे. पेटी ही एकच वस्तू असते: एक आकडा, एक यादी, एक सही. पन्नास अंक असले तरी हात एकदाच लागतात.

तुम्ही चौदा ग्रंथालयांनी अंकांची खरेदी वाटून घ्या, म्हणजे प्रत्येकाने तेच पंचवीस अंक घ्यायला नकोत. केंद्रावर पंचवीस-तीस अंकांच्या चौदा पेट्या भरा, झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवा, आणि दर पंधरवड्याला प्रत्येक पेटी पुढच्या थांब्यावर सरकवा. पेटी नेहमी त्याच क्रमाने, त्याच वाराला सरकते, म्हणून तिला वर्गीकरण लागतच नाही. पाटणच्या पेटीचा पुढचा थांबा केंद्र, मग कोरेगाव, एवढं एकदा ठरवून भिंतीवर लावा. सभासदांना यादी आधीच कळली तर 'हा अंक आपल्याकडे डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतोय' असं सांगता येतं, आणि ते आनंदाने थांबतात. पेट्यांची वाटणी आणि खरेदीची यादी सप्टेंबरमध्येच ठरवा, कारण ऑक्टोबरमध्ये अंक सवलतीत नोंदवायची घाई सुरू होते आणि मग प्रत्येक ग्रंथालय आपापली नोंदणी करून मोकळं होतं.

टेम्पोवाल्याशी भाड्याचा करार नूतनीकरण करताना नोव्हेंबर ते जानेवारीसाठी थोडी जादा जागा मागून ठेवा. अंकांच्या पेट्या आणि नेहमीची पुस्तकं एका फेरीत बसवायची तर मागचं सीट काढावं लागेल, ते त्याला आधीच सांगितलेलं बरं.